सायकलच्या हवेसाठी चार्जिंगचा छोटा पंप: कोणता घ्यावा?

रंकाळावासी | रविवार, संध्याकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

गेल्या रविवारी मी आणि मैत्रीण पन्हाळ्याला निघालो होतो. केर्लीच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. ट्रकच्या फुटक्या टायरमधली बारीक तार घुसली होती, नखाएवढी, शोधायलाच पाच मिनिटं गेली. ट्यूब बदलता येते मला, ती बदलली. हवा भरताना मात्र हात टेकले. उजवा खांदा दीड वर्षापासून आखडलाय. हातपंपाचे चाळीस-पन्नास दट्टे मारले आणि हात उचलेना. पुढचे मैत्रिणीने मारले, तीही दमली, तरी अंगठ्याने दाबलं की टायर आत जातच होता. सकाळचे सव्वासहा वाजलेले, पंक्चरवाला कुठून उघडा असणार? मऊ चाकावर रिम सांभाळत हळूहळू माघारी आलो. वाघबीळसुद्धा दिसलं नाही. घरी येईपर्यंत डोळ्यांत पाणी होतं, खांद्यामुळे कमी आणि माघारी यावं लागलं म्हणून जास्त.

तर आता चार्जिंगवर चालणारा, सोबत नेता येईल असा पंप घ्यायचा ठरवलंय. घरात चार सायकली आहेत. माझी हायब्रिड, टायर ७००×३५, व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड. नवऱ्याची रोड बाइक, ७००×२५, व्हॉल्व्ह बारीक, टोकाला पितळी मळसूत्र असलेला. लेकीची शाळेची सायकल आणि सासऱ्यांची जुनी काळी सायकल, दोन्हींना साधा व्हॉल्व्ह, आत रबरी नळी असते तो.

चार हजारांपर्यंत खर्च करू शकते. ऑनलाइन बघून डोकं फिरलं. कुठे १०० पीएसआय, कुठे १२०, कुठे १५०. शाओमीचा विटेसारखा चौकोनी मोठा पंप आहे, सायकप्लसचे मुठीत मावणारे छोटे आहेत, आणि नावही न ऐकलेले पन्नास प्रकार. काय बघून घ्यायचा हेच कळत नाहीये. वापरणाऱ्यांनी सांगा, प्लीज.

घाटचढाई | रविवार, संध्याकाळी ७:५८

ताई, डोळे झाकून १५० पीएसआयवाला घ्या. आकडा जेवढा मोठा तेवढा पंप ताकदीचा. विषय संपला.

संध्यामठ | रविवार, रात्री ८:१५

खांदा सांभाळा ताई. माझा असाच आखडला होता, व्यायामाने वर्षभरात सुटला. पंपाचं जाणकार सांगतीलच. केर्ली ते वाघबीळ ऊस-वाहतूक सुरू झाली की डाव्या कडेला फार काडीकचरा आणि तारा पडलेल्या असतात, दिवाळीनंतर तिथे जरा आत धरून चालवत जा.

उद्यमनगरी | रविवार, रात्री ९:३०

घाटचढाई भावा, विषय संपला नाही, इथूनच सुरू होतो.

ताई, आधी एक हिशोब मांडतो. माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशिन शॉप आहे. दिवसभर दाब आणि मापं यांच्यातच जातो, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहितो, वाचा.

पीएसआय म्हणजे दाब. पण पंपाला नुसता दाब द्यायचा नसतो, हवा ढकलायची असते. तुमच्या ७००×३५ टायरच्या पोटात साधारण दोन लिटर जागा आहे. ६० पीएसआय म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चौपट. म्हणजे बाहेरची आठ लिटर हवा त्या दोन लिटरांत जास्तीची कोंबायची. तुमच्या यजमानांचा २५चा टायर घ्या. पोट एकच लिटर, दाब ९०, तर हवा लागते सहा लिटर. आणि माझी एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची जाड टायरची सायकल, २७.५×२.२, पोट पाच लिटर, दाब फक्त ३५. तिला हवा लागते बारा लिटर! दाब सगळ्यात कमी आणि पंपाचं काम सगळ्यात जास्त. म्हणून मोठा आकडा म्हणजे ताकदीचा पंप, हे खरं नाही. तुमच्या घरात कुणालाच १०० पीएसआयच्या वर जायची गरज पडणार नाही. १५०चा आकडा वापरणार कुठे?

याच हिशोबात तुमच्या खांद्याचं उत्तर आहे. सॅडलखाली बसतो तो हातपंप एका दट्ट्यात पन्नास घनसेंटिमीटरच्या आसपास हवा घेतो. आठ लिटरांना एकशेसाठ दट्टे झाले. गळती आणि शेवटचे अर्धवट दट्टे धरले तर दोनशे. तुम्ही पन्नास मारले होते. धडधाकट माणसाचाही हात भरून येतो, तुमचं काही चुकलं नाही.

दुसरी गोष्ट उष्णता. हवा दाबली की तापते. उभा पंप जोरात मारल्यावर खालची नळकांडी हाताला गरम लागते, तेच इथे होतं, फक्त मुठीएवढ्या डबीत. पंप जितका लहान तितकी ती उष्णता मुरायला जागा कमी. म्हणून बारक्या पंपांचं तोंड एका चाकातच चटका बसेल इतकं तापतं. कंपनी सोबत रबरी खोळ देते ती शोभेची नव्हे. सलग किती मिनिटं चालवायचा आणि मग किती वेळ थांबवायचा, ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. विकत घ्यायच्या आधी ते वाचा. मला विचाराल तर खोक्यावरचा सगळ्यात कामाचा मजकूर तोच.

दुकानात जाताना स्वतःचं चाक घेऊन जा. लाजायचं नाही. चाक पूर्ण रिकामं करा, घड्याळ लावा, तुमच्या दाबापर्यंत भरा. लगेच पुन्हा रिकामं करून पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला फार रेंगाळला किंवा मध्येच बंद पडला, तर तो पंप तुमचा नव्हे. घाटात पहिल्या ट्यूबला चिमटा बसला की दुसरी भरावीच लागते.

दाब दाखवणाऱ्या काट्याचं नंतर लिहितो, जेवायला बोलावलंय.

घाटचढाई | रविवार, रात्री ९:४१

मान गये. माझ्याकडे १५०वालाच आहे आणि एमटीबीचं दुसरं चाक भरताना तो खरंच बंद पडतो. मला वाटायचं बॅटरी गेली.

बावड्याचे काका | रविवार, रात्री १०:०५

कसबा बावड्यात माझं सायकलचं दुकान हाय, वडलांपासून. लिहितोय नातू, सांगतोय मी.

बाई, तुमच्या चारातल्या दोन सायकली साध्या व्हॉल्व्हच्या. तिथं हा बॅटरीचा पंप फसतो, ते कुणी सांगत नाही. साध्या व्हॉल्व्हमधी पितळी पिनेवर रबराची बारीक नळी चढवल्याली असती. पिनेच्या अंगाला भोक. आतनं हवा आली की रबर फुगतंय आणि हवा टायरात जाती. माघारी यायला लागली की तेच रबर भोकावर गच्च बसतंय. म्हणजे हवा एकाच बाजूनं जाणार. त्यामुळं टायरात दाब किती, ते बाहेरच्या पंपाला कळतच न्हाई. पंप बघतोय आपल्या नळीतला दाब, आणि त्यात रबर उघडायचा जोर मिळवल्याला. तुम्ही ४० वर लावला तर पंप म्हणतोय झालं ४०, आणि बंद पडतोय. चाक बघावं तर मऊ.

माझ्याकडं गिऱ्हाईक येत्यात पंप बिघडला म्हणून. पंप बरा असतोय. पिन काढून बघितली की रबर चिकटून वाळून गेल्यालं. असलं रबर उघडायला जास्तच जोर लागतोय. रबर बदलून द्यायचं, किरकोळ पैशाचं काम हाय. तरीपण आकड्यावर जाऊ नका, अंगठ्यानं दाबून बघा.

लेकीच्या सायकलला सरळ त्याच मापाची जाड व्हॉल्व्हची ट्यूब घाला. बहुतेक रिमच्या भोकात ती बसती, नवीन भोक पाडायला लागत न्हाई. मग पंप पण बराबर चालंल आणि पेट्रोल पंपावर पण हवा मारता येईल. पण तिथं पोरीला एकटी पाठवू नका, मोटारीच्या कंप्रेसरनं सायकलची ट्यूब डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटती.

सासऱ्यांच्या सायकलचं काही बदलू नका. म्हाताऱ्या माणसाला आपली पिन आणि आपला पंप हाताखालचा असतोय.

रंकाळावासी | रविवार, रात्री १०:३०

काका, शेवटचं वाक्य सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "शहाणा माणूस आहे." त्यांची सायकल त्यांच्या तरुणपणापासूनची आहे, अजून रोज सकाळी गंगावेशीत दूध आणायला तीच काढतात.

लेकीची ट्यूब बदलते. उद्यमनगरी दादा, तुमचा हिशोब कागदावर उतरवून घेतला. आठ लिटरवालं कळल्यावर जीव हलका झाला खरंच.

एक प्रश्न: पंप थेट व्हॉल्व्हवर बसवायचा की नळी हवी? छोट्यांना नळी नसते बहुतेक.

कळंबा ते कळे | सोमवार, सकाळी ६:१०

नळी हवीच. मी लांबच्या राइड करतो, दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत संपवायची असते, तिथे एकेक पंक्चर महागात पडतं. माझे दोन अनुभव सांगतो.

पहिला. माझ्याकडे टीपीयूच्या ट्यूब होत्या, त्या पातळ, रंगीत, खिशात मावणाऱ्या. त्यांचा व्हॉल्व्हही प्लास्टिकचा असतो. बिननळीचा छोटा पंप थेट त्यावर लावला. पंपाचं तोंड तापलं आणि व्हॉल्व्हची मान मऊ होऊन वाकली. नवी ट्यूब तिथेच कचऱ्यात. नळी मध्ये असली की उष्णता तिच्यात उतरते आणि व्हॉल्व्ह वाचतो. साध्या ब्यूटाइल रबराच्या ट्यूबला ही भीती नाही, पण थेट लावलेला पंप हातात थरथरत असतो आणि तो सगळा हिसका व्हॉल्व्हच्या मुळाशी बसतो. तिथून चिरलेली ट्यूब पंक्चरच्या ठिगळाने दुरुस्त होत नाही.

दुसरा. गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्याला कळे ओलांडलं आणि पंक्चर. पाऊस असा की हातातली वस्तू दिसेना. ट्यूब बदलली, नळी व्हॉल्व्हवर फिरवून बसवली, ८० पर्यंत भरलं, आणि नळी उलटी फिरवून काढताना व्हॉल्व्हच्या आतली पिनच नळीबरोबर बाहेर आली. सगळी हवा एका फुस्समध्ये गेली. पिन नळीच्या तोंडात अडकलेली, बोटं ओली, पकड नाही. शेवटी दातात धरून काढली. बारीक व्हॉल्व्हची पिन काढता येण्यासारखी असेल, दोन बाजूंनी सपाट कडा दिसतील, तर घरीच ती छोट्या चावीने किंवा पकडीने हलकी आवळून ठेवा. नवऱ्याची सायकल आजच बघा.

आणि बारीक व्हॉल्व्हला पंप लावायच्या आधी टोकाचं मळसूत्र सैल करून एकदा बोटाने दाबायचं. फुस्स झालं पाहिजे. न केल्यास पिन चिकटलेली राहते, पंप आकडा चढवतो आणि टायरात काहीच जात नाही.

हातपंप मी अजून सोबत ठेवतो. बॅटरीवर एवढा भरवसा नाही माझा.

फुलेवाडी | सोमवार, सकाळी ८:५०

एवढ्या भानगडीपेक्षा गॅसची कुपी का नको? १६ ग्रॅमची एक कुपी, पाच सेकंदांत चाक टणक. चार्जिंग नको, आवाज नको. घरी उभा पंप आहेच की सगळ्यांकडे.

उद्यमनगरी | सोमवार, सकाळी ९:२०

फुलेवाडीकर, शर्यतीत कुपीला तोड नाही, मान्य. पण हिशोब बघा. १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणजे मोकळ्या हवेच्या दाबाला पावणेनऊ लिटरांच्या आसपास. ताईंच्या चाकाला आठ लिटर लागतात. म्हणजे एक कुपी एका चाकाला जेमतेम, लावताना थोडा गॅस निसटला की संपलं. माझ्या एमटीबीला तर पुरतच नाही. शिवाय हा गॅस रबरातून साध्या हवेपेक्षा फार लवकर झिरपतो. संध्याकाळी टणक वाटलेलं चाक दुसऱ्या दिवशी मऊ लागतं, ते रिकामं करून पुन्हा हवा भरावी लागते. आणि सोडताना कुपी इतकी गार पडते की बोटाला चिकटते. दर पंक्चरला नवी कुपी, तो खर्च वेगळाच.

आता काट्याचं. छोट्या पंपाचा आकडा थोडा इकडेतिकडे असतोच. चूक असली तरी चालते, पण ती तुम्हाला माहीत पाहिजे. आमच्याकडे तपासून आणलेला मास्टर गेज, म्हणजे दाब मोजायचा खात्रीचा काटा आहे. पंप घेतलात की कुठल्याही शनिवारी घेऊन या, पाच मिनिटांत पडताळून देतो. बाकी कुणाला आणायचा असेल तर त्यांनीही आणा.

आणखी एक. भरल्या भरल्या टायरातली हवाही कोमट असते. निवली की आकडा थोडा उतरतो, पंपाला दोष देऊ नका. उलटही होतं. पहाटे वीस अंशांत भरलेले ६०, दुपारी टायर चाळीस अंशांवर गेला की ६५ होतात. म्हणून उन्हाळ्यात टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याला टेकवून भरू नये.

फुलेवाडी | सोमवार, सकाळी ९:३१

पटलं. रबरातून झिरपायचं माहीत नव्हतं. माझं चाक दर सोमवारी का बसतं ते आज कळलं.

राजारामपुरी बारावी गल्ली | सोमवार, दुपारी १:४५

बॅटरीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, माझं कामच त्यातलं.

नुसत्या एमएएचवर (मिलिअँपिअर-अवर, हजार म्हणजे एक अँपिअर-अवर) जाऊ नका. क्षमता काढायची तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. चौकोनी मोठ्या पंपांत बहुतेक दोन सेल एकापुढे एक असतात, म्हणजे ७.४ व्होल्ट. २००० एमएएच असेल तर १४.८ वॅट-अवर. मुठीतल्या पंपात तेवढ्याच व्होल्टवर ३०० एमएएच असेल तर सव्वादोन वॅट-अवरच्या आत. पहिला आठवडाभर पुरेल, दुसरा एक-दोन चाकांचा धनी. दोन्ही वाईट नाहीत, फक्त कामं वेगळी.

खोटा माल ओळखायची एक सोपी खूण सांगतो. १८६५० नावाचा जो नेहमीचा गोल सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, त्याची क्षमता ३५०० एमएएचच्या फार पुढे जात नाही आणि वजन पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम असतं. आता एखाद्या खोक्यावर "१०,००० एमएएच" आणि "वजन २०० ग्रॅम" असं लिहिलं असेल, तर त्यात किमान तीन सेल हवेत, म्हणजे दीडशे ग्रॅम तिथेच गेले. मोटर, सिलिंडर, कवच पन्नास ग्रॅममध्ये कसं बसवलं? जो बॅटरीचं खोटं लिहितो तो दाबाचं खरं कशाला लिहील?

सेलवर भारतीय मानकाचा शिक्का आणि आय एस १६०४६ हा क्रमांक बघा.

चार्जिंगचं भोक यूएसबी-सी असलं तरी काही स्वस्त पंप दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत. चार्जरकडून वीज मागायला आत जे दोन छोटे रेझिस्टर लागतात ते वाचवलेले असतात. अशा पंपाला एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लागते. राइडच्या आदल्या रात्री हे कळलं तर वैताग येतो.

पावसाळ्यात तीन-चार महिने सायकल उभी राहणार असेल तर बॅटरी निम्म्यावर ठेवा, पूर्ण भरून नको आणि पूर्ण रिकामी तर अजिबात नको. गाडीच्या डिकीत उन्हात टाकून ठेवू नका. आणि उजळाईवाडीहून विमानाने जाणार असाल तर पंप हातातल्या बॅगेत, सामानात नको.

कळंबा ते कळे | सोमवार, दुपारी २:०५

केबलचं शंभर टक्के. माझ्याही बाबतीत झालंय.

शाळेची घंटा | सोमवार, संध्याकाळी ६:३०

मी शाळेत शिक्षिका आहे. आमच्या शाळेत चाळीसेक मुली सायकलने येतात, निम्म्यांची चाकं मऊ. मऊ चाकावर सायकल ओढायला जड जाते, मग घरचे म्हणतात दमते पोर, बसने जा. सायकल सुटते. हा धागा वाचून वाटलं, असा एक पंप शाळेत ठेवता येईल का? मुलींना स्वतः वापरता येईल इतका सोपा असतो का?

बावड्याचे काका | सोमवार, रात्री ९:१५

बाई, शाळेला बॅटरीचा नको. सगळ्या साध्या व्हॉल्व्हच्या असणार, तिथं तो आकडा खोटाच दाखवतोय हे मगाशी सांगितलं. चाळीस चाकं म्हटलं की तापून मरंल. लोखंडी उभा पंप घ्या, दोन पायात धरून मारायचा. पोरी मारत्यात, काय होत न्हाई. आणि रबराच्या नळीची एक पुडी मी देतो, पिन कशी काढायची ते एका शनिवारी येऊन शिकवतो पोरींना. पैसं नकोत.

शाळेची घंटा | सोमवार, रात्री ९:२२

काका, खूप आभार. मुख्याध्यापिकांशी उद्याच बोलते आणि नातवाच्या खात्यावर निरोप पाठवते.

घाटचढाई | मंगळवार, सकाळी ७:००

काका, लई भारी. मी पण येतो त्या शनिवारी, मला पण पिन काढायला शिकायचंय.

रंकाळावासी | पुढचा रविवार, रात्री ८:१०

मंडळी, पंप घेतला. सगळं सविस्तर लिहिते, कारण तुमच्यामुळेच घेता आला.

बुधवारी संध्याकाळी मागचं चाक रिक्षात घालून दुकानात गेले. दुकानदाराने आधी विचित्र नजरेने बघितलं. मग दोन वेळा भरून बघायचंय म्हटल्यावर स्वतःच खुर्ची दिली आणि घड्याळ धरायला मुलाला उभा केला. तीन पंप लावून बघितले.

मुठीतला बारका. पहिल्या खेपेला ५५ पर्यंत गेला, थोडा वेळ लागला, आवाज मात्र असा की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. दुसऱ्या खेपेला ४० च्या पुढे अगदी रडतखडत, आणि खोळीवरूनसुद्धा हात धरवेना. चौकोनी मोठा. दोन्ही खेपेला न थांबता भरला, गरम झाला पण धरता आला. पण वजन! हँडलच्या पिशवीत टाकला की पिशवी चाकाला टेकेल. तिसरा मधला, चष्म्याच्या डबीएवढा, वीतभर नळीसकट. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा थोडासाच जास्त वेळ घेतला. तोच घेतला, बजेटच्या आत बसला. आकडा जिथे लावला तिथे आपोआप थांबतो, रात्री उपयोगी पडेल असा छोटा दिवाही आहे. केबलसुद्धा दुकानातच लावून बघितली, दोन्हीकडे सी चालते.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या हातात आलेल्या एका पंपावरून सगळ्या मालाला चांगलं-वाईट म्हणणं मला बरोबर वाटत नाही. तुम्ही तुमचं चाक घेऊन जा, तेच खरं.

नवऱ्याच्या सायकलची पिन सैलच निघाली, चिमटीत फिरत होती. आवळली. कळेवाल्या दादांचे आभार त्याच्याकडूनही.

काल उद्यमनगरी दादांकडे गेले. लेथच्या शेजारी कापडाने झाकून ठेवलेला गेज त्यांनी काढला, काच पुसली, माझं चाक जोडलं. पंप ६० म्हणाला, गेज ५६. पुन्हा केलं, तेच. ४० ला बघितलं, तिथे गेज ३७. दादा म्हणाले, रोज एकसारखाच चुकतो म्हणजे चांगला पंप आहे, कधी वर कधी खाली चुकणारा वाईट. त्यांनीच पांढरी पट्टी कापून दिली, ती पंपाच्या पाठीवर चिकटवून पेनाने लिहिलंय: ६० म्हणजे ५६, ४० म्हणजे ३७. लेकीने वरून पारदर्शक टेप मारलाय, पावसात पुसू नये म्हणून.

आणि आज सकाळी पन्हाळा झाला. वाघबीळला पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. पंक्चर झालं नाही, पण मैत्रिणीचं पुढचं चाक मऊ लागत होतं म्हणून तिथे झाडाखाली पंप काढला. नळी लावली, बटण दाबलं आणि दोघी बाजूला बसून चहाच्या थर्मासचं झाकण उघडलं. झाकणात चहा ओतून होईतो पंप थांबला. खांद्याला हात लावावा लागला नाही. वर तीन दरवाजापाशी काढलेला फोटो टाकते.

हातपंपही सोबत होता, सॅडलखाली.

उद्यमनगरी | पुढचा रविवार, रात्री ८:२५

वाचून आनंद झाला ताई. दिवाळीच्या आधी एकदा पुन्हा आणा. बॅटरी जुनी होत जाते तसा आकडा सरकतो का ते मलाही बघायचंय, वहीत तुमचं ५६ लिहून ठेवलंय.

बावड्याचे काका | पुढचा रविवार, रात्री ९:००

लेकीची ट्यूब बदलली का?

रंकाळावासी | पुढचा रविवार, रात्री ९:०४

नाही काका, राहिलीच. उद्या शाळा सुटल्यावर दुकानात घेऊन येते.

बावड्याचे काका | पुढचा रविवार, रात्री ९:१०

पाचच्या आत या. सहाला वीज जाती इकडं.